सोमाला रोज किती?

एका कथास्पर्धेचा गठ्ठा दिवाळीआधी गोव्यात, नार्व्याला माझ्याकडे परीक्षणासाठी आला. चाळीस कथा. निम्म्याहून जास्त कथांत भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, जुनं घर: चौक, तुळस, आजी, फणसाची साटं. आणि एक गडी. त्याचं नाव सोमा, तो इमानी, आणि कथा संपायच्या आत तो मरतो. आजी डोळे पुसते. सोमाला रोज किती मिळायचा, हे एकाही कथेत नाही.

लक्ष्मणराव सरदेसायांपासून आमची गोव्याची माती मराठी कथेत आहेच. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. तो या चाळीस लेखकांतल्या कुणी वाचलेला दिसत नाही. बाकी स्मरणरंजनाबद्दल काय लिहायचं?

सोमाचा रोज शोधताना मला आठवली ती रिबेका हार्डिंग डेव्हिसची ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’. १८६१ मध्ये अमेरिकेत छापून आलेली ही लोखंडाच्या कारखान्याची कथा. भट्टीवरचा मजूर ह्यू वुल्फ लोखंड गाळून उरलेल्या टाकाऊ मळीतून एका बाईची मूर्ती कोरतो. रात्री कारखाना बघायला बडे लोक येतात, मूर्तीपाशी थबकतात, अर्थ विचारतात. ती भुकेली आहे, एवढंच तो सांगतो. मग त्यांची चर्चा रंगते. त्यातला डॉक्टर त्याला तोंडभर शाबासकी देतो. मदत मागितल्यावर मात्र त्याच्याकडे पैसे नसतात! त्याआधी अमेरिकन लेखक मेलव्हिलने १८५५ मध्ये लंडनच्या वकिलांची मेजवानी आणि कागद गिरणीतल्या मुली एकाच कथेत शेजारी ठेवल्या. भाष्याची फारशी गरजच उरली नाही.

टाकाऊ मातीचे डोंगर आमच्या डिचोलीतही आहेत. त्यांना आपण डंप म्हणतो. खनिज ट्रकांतून धक्क्यावर आणि बार्जींतून मुरगावला जाताना आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा. दारात उभ्या ट्रकच्या टपावर कारल्याचा वेल चढलेला मी पाहिला. चाकांखाली चिरे, आत कोंबड्या. बँकेचा हप्ता मात्र चालू. चाळीस कथांत असा एकही ट्रक नाही. पुंडलीक नायकांनी ‘अच्छेव’ ही खाणीवरची कादंबरी कोंकणीत १९७७ मध्येच लिहिली. आम्ही मराठीवाल्यांनी तो विषय कोंकणीला आंदण दिला की काय?

हिशेब आला की कथेतली कला जाते, असं मला एका कथालेखकाने ऐकवलं. भाटकाराच्या माडांची मोजदाद दोन-दोन पानं चालते तेव्हा ती कुठे जाते? सोमाचं घर कुणाच्या जमिनीत आहे, भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्यांसाठीच्या १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली त्याने अर्ज केला का, पात्रांवने म्हणजे भाटकाराने त्याला तो करू दिला का, हीच तर कथा. ती वगळून त्याच्या इमानाचे गोडवे गाणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक दिवस फुकट राबवून घेणं.

पुढच्या वर्षी गठ्ठा माझ्याकडेच आला, तर लेखकांना एक विनंती: सोमाला खुशाल मारा, पण त्याआधी त्याचा रोज पहिल्या पानावर लिहा.