पूर्वजांच्या गावाची साक्ष : ‘रूट्स’मधील अखेरचा प्रवास

अ‍ॅलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ (१९७६) या ग्रंथाची चर्चा बहुधा गुलामगिरीवरील कादंबरी म्हणून होते. परंतु ग्रंथाचा दावा एका कुलाच्या इतिहासाचा आहे, आणि त्या दाव्याचा भार अखेरच्या प्रकरणांतील एका प्रवासावर आहे. १९६७ साली लेखक गांबियातील जुफुरे या गावी जातो. तेथील वृद्ध कथक किंटे कुलाची वंशावळ सांगताना म्हणतो की, राजाचे सैनिक आले त्या सुमारास कुंटा लाकूड तोडावयास गेला आणि पुन्हा कोणास दिसला नाही. अमेरिकेत टेनेसीतील हेनिंग गावी, आजीच्या घरच्या ओसरीवर, लेखकाने बालपणी ऐकलेली कथाही हीच. दोन खंडांतील दोन मौखिक परंपरांचा हा मेळ म्हणजे ग्रंथाचा उत्कर्षबिंदू होय.

पुढे हा मेळच संशयास्पद ठरला. तो कथक परंपरेने शिकलेला ‘ग्रिओ’ नव्हता आणि लेखक काय शोधीत आहे याची वार्ता तेथे आधीच पोचली होती, असे डोनाल्ड राइट यांनी १९८१ साली दाखविले. हेली ज्या ‘टोबी’स कुंटा मानतात, त्याची नोंद व्हर्जिनियातील कागदपत्रांत ‘लॉर्ड लिगोनियर’ हे जहाज १७६७ मध्ये अ‍ॅनापोलिसला लागण्यापूर्वीच सापडते, असे त्याच वर्षी गॅरी व एलिझाबेथ मिल्स यांनी निदर्शनास आणले. वतनाच्या वादासाठी रचलेले करीने ज्याने अभ्यासले आहेत, त्यास यात नवल वाटणार नाही. वंशकथा कोणी, कोणापुढे आणि कशासाठी सांगितली, यावर तिचे स्वरूप ठरते.

तथापि एवढ्यावर निकाल देणे अन्यायाचे होईल. गुलाम झालेल्या माणसाची नोंद धन्याच्या कागदांत मालमत्ता म्हणून होत असे; तेवढेच कागद प्रमाण मानले, तर अखेरचा शब्द धन्याचाच राहतो. म्हणून मौखिक परंपरेकडे वळण्यात हेली यांची चूक नव्हती. कोणती परंपरा अधिक विश्वसनीय, हे ठरविण्यात ती झाली. ‘को’ हे वाद्याचे व ‘कांबी बोलोंगो’ हे नदीचे नाव त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपले होते, असे ते सांगतात. ते शब्द मांडिंका भाषेतील असावेत, हे यान व्हान्सिना यांनी त्यांना सांगितले. त्या शब्दांवर जुफुरेच्या अपेक्षांची छाया पडलेली नव्हती. मात्र ते वाचकाला गांबिया नदीपर्यंतच नेतात. तेथून एका विशिष्ट गावापर्यंतची वाट पुराव्याची नसून इच्छेची आहे.

हा दोष केवळ इतिहासाचा नाही, रचनेचाही आहे. आपल्या ग्रंथात वस्तुस्थिती व कल्पना यांचे मिश्रण आहे, हे हेली यांनी स्वतःच मान्य केले होते. कुंटाचे बालपण कल्पनेने रंगविण्याचा लेखकाचा अधिकार कोणी नाकारणार नाही. परंतु अखेरच्या प्रकरणांत निवेदन साक्षीदाराचा स्वर धारण करते आणि शंकेला जागाच ठेवीत नाही. नातू परत आला आहे, त्याला पूर्वज हवा आहे, आणि गाव तो त्याला देत आहे, हा प्रसंग स्वतःच अत्यंत करुण आहे. तो तसा ओळखून लिहिला असता, तर पुरावा उणा पडला तरी ग्रंथ उणा पडला नसता.