रायफल आणि रिव्हॉल्व्हर : एक रसविचार

वीस वर्षें रायफलीची उपासना केल्यावर आम्हीं परवां पुन्हां रिव्हॉल्व्हर हातीं धरलें, आणि पहिल्याच फैरीस आमचा अहंकार लक्ष्याबाहेर गेला. रायफल हें आख्यानकाव्य. तिला खांदा, गाल व दोन्ही हात यांचा आधार. रिव्हॉल्व्हर हें मुक्तक. स्पर्धेंत तें एकाच निराधार हातानें तोलावयाचें. म्हणूनच ५० मीटरांवर रायफलीचें दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें, तर २५ मीटरांवर पिस्तुलाचें ५० मिलिमीटरांचें. कोल्हापूरनें हे दोन्ही रस जाणले : तेजस्विनी सावंत २०१० सालीं रायफलींत जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत २०१८ सालीं पिस्तुलांत आशियाई सुवर्णविजेत्या. पन्नाशी उलटलेल्या आमच्या हाताची थरथर रायफलीनें आजवर झांकली होती. ती ओळखून नेम धरण्याचा आनंद नांदगांवीं परतल्यावरही ओसरलेला नाहीं.