टपालाने जोडलेले सहकारी : दोन भाषाकार्यांचा तौलनिक विचार

इ. स. १९२८ मध्ये भाषाभ्यासाच्या क्षेत्रातील दोन प्रचंड कार्ये सिद्धीस गेली. पुढे 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' या नावाने ख्यात झालेल्या कोशाची पहिली आवृत्ती त्या वर्षी पूर्ण झाली, आणि सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया'चे प्रकाशनही संपले. दोहोंचा विस्तार एका विद्वानाच्या आवाक्याबाहेरचा होता. बहुसंख्य सहकारी संपादकाच्या दृष्टीआड होते, आणि त्यांना बांधून ठेवणारा धागा टपालाचाच होता. दूरस्थ मंडळींकडून काम करून घेण्याचा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जात असल्यामुळे, या दोन ग्रंथांची परीक्षा सामग्रीबरोबरच कार्यपद्धतीच्या अंगानेही होणे अवश्य आहे.

कोशाचा संकल्प लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये सोडला. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादकत्व स्वीकारले तेव्हा त्यांच्या हाती सुमारे दोन टन वजनाच्या अवतरणचिठ्ठ्या आल्या. परंतु त्यांची अवस्था शोचनीय होती. एच या अक्षराच्या चिठ्ठ्या फ्लॉरेन्स येथे निघाल्या, तर पी-ए या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या शब्दांच्या उरल्यासुरल्या चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या. पूर्वीचे संपादक फर्निव्हल यांच्या ठिकाणी उत्साहाची उणीव मुळीच नव्हती. उणीव होती ती वाटून दिलेल्या कामाची वारंवार विचारपूस करण्याची. काम एकदा सोपविले म्हणजे ते चालूच राहते, हा समज येथे महाग पडला.

याहूनही बोधप्रद दोष चिठ्ठ्यांच्या आशयात होता. 'अब्यूजन' या विरळ शब्दाची सुमारे पन्नास अवतरणे जमली होती. 'अब्यूज' या नित्याच्या शब्दाची मात्र पाचही नव्हती. वाचकांचे लक्ष अपरिचित शब्दांकडे वेधले गेले होते आणि परिचित शब्द त्यांनी साहजिकच वगळले होते. हा दोष मरे यांनी वाचकांच्या माथी मारला नाही. १८७९ च्या आवाहनात त्यांनी एक हजार वाचकांची मागणी केली आणि सामान्य शब्दांचीही शक्य तितकी अवतरणे द्यावीत असे स्पष्ट सांगितले. पुढे ज्या शब्दांचे पुरावे कमी पडत त्यांच्या याद्याही प्रसिद्ध होत गेल्या. ब्रॉडमूर येथील मनोरुग्णालयात बंदिस्त असलेले अमेरिकन सैनिकी शल्यवैद्य मायनर हे कोशाचे अत्यंत उपयुक्त वाचक ठरले, त्याचेही कारण येथेच शोधावे लागते. ते आपल्या वाचनाच्या सूची करून ठेवीत, संपादनात कोणते शब्द चालू आहेत याची चौकशी करीत, आणि नेमकी त्या शब्दांची अवतरणे धाडीत. कार्य कोठवर आले आहे हे दूरच्या माणसाला कळत होते, म्हणून त्याचे श्रम सार्थकी लागत होते.

ग्रियर्सन यांच्यापुढील परिस्थिती निराळी होती. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत भाषिक पाहणीचा ठराव झाला. प्रत्यक्ष कार्य १८९४ मध्ये सुरू झाले. प्रत्येक बोलीचे तीन नमुने मागविण्यात आले : बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर, त्या बोलीतील एखादी स्वतंत्र कथा वा निवेदन, आणि शब्द व वाक्ये यांची ठराविक यादी. एकाच कथेमुळे शेकडो बोली परस्परांशेजारी ठेवून पाहता आल्या, हे या योजनेचे यश निःसंशय मोठे आहे. तथापि भाषांतरित मजकुरात मूळ मजकुराची वाक्यरचना झिरपते आणि बोलीचा स्वाभाविक घाट बिघडतो. दुसऱ्या नमुन्याची तरतूद पाहता ही अडचण योजकांनी ओळखली होती असे दिसते.

मात्र मागणी सरकारी यंत्रणेतून गेली. ती जिल्हाधिकाऱ्याकडून कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे व तेथून स्थानिक जाणकाराकडे उतरत असे, आणि उत्तर त्याच पायऱ्यांनी वर चढत असे. ग्रियर्सन पुढे इंग्लंडात कॅम्बर्ली येथे राहून संपादन करीत. मराठीला वाहिलेला १९०५ चा सातवा खंड नॉर्वेजियन पंडित स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. बोलणारा आणि वर्णन करणारा यांच्यामध्ये इतके टप्पे पडल्यावर, 'आमच्याकडे असे म्हणत नाहीत' एवढे साधे वाक्यही संपादकापर्यंत पोहोचणे दुर्घट होते. काही नमुन्यांखाली अनुवादकाचे नाव आढळते. पुष्कळांखाली केवळ जिल्ह्याचे नाव आहे. त्यामुळे लिहिणाऱ्याची जात, शिक्षण वा मूळ गाव यांचा त्या भाषेवर काय परिणाम झाला, हे आजच्या अभ्यासकाला ताडून पाहता येत नाही. श्रेय नोंदले न गेल्याने येथे पुराव्याचे मोल उणावले आहे.

ही तुलना ग्रियर्सन यांना अन्यायकारक आहे, असा आक्षेप येईल. मरे यांचे वाचक साक्षर, स्वेच्छेने आलेले आणि एकाच ग्रंथभाषेत वावरणारे होते. ग्रियर्सन यांना १७९ भाषा व ५४४ बोली यांची मोजदाद करावयाची होती, आणि परकीय शासनाच्या यंत्रणेवाचून त्यांना अन्य साधन नव्हते. हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु त्यातून पाहणीतील उणिवेचे कारण कळते. उणीव दूर होत नाही.

दूरच्या सहकाऱ्याचे उत्तर आल्यावर मूळ सूचना बदलते की नाही, हीच अशा नेतृत्वाची खरी कसोटी होय. मरे यांच्या कार्यात ती बदलली. ग्रियर्सन यांच्या योजनेत तिला बदलण्यास फारसा वाव नव्हता. आज गडचिरोलीतील वा सावंतवाडीतील सामग्रीसंकलकाशी पुण्यातील संशोधकाला दूरध्वनीवरून क्षणार्धात बोलता येते, ध्वनिमुद्रणही तत्काळ मागविता येते. तरीही प्रश्नावली एकदाच तयार होऊन फक्त खाली जात असेल आणि संकलकाचे नाव प्रबंधाच्या ऋणनिर्देशापुरतेच उरत असेल, तर साधने बदलूनही पद्धत जुनीच राहिली असे म्हणावे लागेल. पहिली दहा उत्तरे हाती येताच प्रश्नावली संकलकांसमवेत पुन्हा वाचणे, आणि प्रत्येक नोंदीशी ती करणाऱ्याचे नाव व परिचय जोडणे, एवढे दोन नियम पाळले तरी या दोन ग्रंथांचा धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.