भांडवल मोजलं, की खर्च मोजला?

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: भारतात उत्पादकता कमी आहे हे आकडेच सांगतात, मग वाद कशाचा? आज त्या आकड्याच्या पोटात शिरू. कारण एकूण उत्पादकता कोणी थेट मोजत नाही. श्रम आणि भांडवल यांनी जेवढ्या उत्पन्नाचा हिशेब लागतो तेवढं बाजूला काढायचं. उरलं ती उत्पादकता. म्हणजे भांडवल फुगवून मोजलं, की उरलेलं आपोआप कमी दिसणार. आणि बोल लागतो काम करणाऱ्याला.

अशा तुलनांसाठी जगभर वापरलं जातं ते पेन वर्ल्ड टेबल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्रॅव्हिस, हेस्टन आणि समर्स यांनी उभं केलेलं हे काम आता नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात चालतं. आकडे सगळ्यांना खुले आहेत. त्यामुळे टीका करायची ती या कामाचा मान राखूनच.

पद्धत साधी आहे. दरवर्षीची गुंतवणूक घ्यायची, स्थिर किमतींत आणायची, आधीच्या साठ्यात मिळवायची आणि घसारा वजा करायचा. इमारतीचा घसारा कमी, यंत्राचा जास्त, संगणकाचा त्याहून जास्त. मग देशादेशांची तुलना करता यावी म्हणून क्रयशक्तीनुसार दुरुस्ती. ती हवीच. आयात केलेलं यंत्र इथेही जवळपास जागतिक भावानेच पडतं. भिंत मात्र स्वस्तात उभी राहते, कारण गवंड्याची मजुरी कमी. नुसत्या विनिमय दराने डॉलर केले, तर आपली घरं, पूल, कालवे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. भिंतीची किंमत ठरवली कशी? एकसारखा शर्ट दोन देशांत सापडतो, एकसारखा पूल सापडत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय किंमत-तुलना कार्यक्रमाच्या २०११ च्या फेरीत बांधकामासाठी सिमेंट, पोलाद, मजुरी, यंत्रांचं भाडं यांचे भाव घेतले. आता समजा, इथला गवंडी तिथल्याच्या एक-दशांश मजुरी घेतो, पण पुरेशी साधनं नसल्यामुळे त्याच भिंतीला चौपट दिवस लागतात. मग त्या भिंतीवरची मजुरी एक-दशांश नाही, चार-दशांश पडली. मजुरीचा नुसता दर हा फरक दाखवत नाही. बांधकाम खऱ्यापेक्षा स्वस्त ठरतं आणि साठा खऱ्यापेक्षा मोठा. बरं, साठ्यात सर्वांत मोठा वाटा बांधकामाचाच!

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, आणि ती क्रयशक्तीच्या दुरुस्तीने सुटतच नाही. आपल्याजवळचंच उदाहरण घेऊ. विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प: १९८८ मध्ये पायाभरणी, मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि कालव्यांची कामं वर्षानुवर्षं रखडली. त्यातली महागाई पद्धत वगळते, कबूल. पण बांधकामावरचा खर्च ज्या वर्षी झाला त्याच वर्षी भांडवल म्हणून जमा होतो. शेतात पाणी पोचलं का, हे त्या वहीला माहीत नसतं.

अर्थतज्ज्ञ लँट प्रिचेट यांनी २००० साली हाच मुद्दा मांडला होता: गुंतवणुकीची बेरीज करून घसारा काढला म्हणजे भांडवल मिळतं असं नाही. त्याच्याही आधी, १९५३-५४ मध्ये, जोन रॉबिन्सन विचारत होत्या की भांडवल मोजायचं तरी कोणत्या एककात? टेबलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत भांडवली सेवांचा वेगळा आकडा दिलाय. सुधारणा चांगली आहे, पण तिचंही मूळ त्याच गुंतवणुकीच्या वहीत.

मग टेबल टाकून द्यायचं का? अजिबात नाही. देशांची तुलना करताना चालू क्रयशक्तीचा रकाना घ्या, एकाच देशाची वाढ बघताना राष्ट्रीय स्थिर किमतींचा. दोन्हींची सरमिसळ करू नका. यंत्रं आणि बांधकाम वेगवेगळी बघा, कारण दोन्हींवर सारखा विश्वास टाकता येत नाही.

आणि प्रश्न विचारणाऱ्या मित्राला एवढंच सांगेन: उत्पादकता कमी दिसली, तर माणसं कमी पडली असं म्हणण्याआधी बघा, त्यांच्या नावावर मांडलेलं भांडवल खरोखर त्यांच्या हाती आलं होतं का? कालवा कोरडा असेल, तर शेतकऱ्याला नापास करण्यात काय अर्थ आहे?