घरगुती ध्वनियंत्रणेतील तटस्थता व रंजकता : एक चिकित्सा

घरी संगीत ऐकविणाऱ्या यंत्रणेने ध्वनिमुद्रणात जे आहे तेवढेच ऐकवावे, की श्रोत्यास सुखद वाटेल असा रंग त्यात मिसळावा, हा वाद जुना आहे. तो केवळ आवडीनिवडीचा मानला जातो. वस्तुतः कलाकृतीवर अधिकार कोणाचा, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

रंजित ध्वनीचे ठळक उदाहरण म्हणजे ट्रायोड व्हॉल्व्हवर चालणारे काही ॲम्प्लिफायर. २०० हर्ट्झच्या स्वराबरोबर ते ४०० हर्ट्झचा स्वरही अल्प प्रमाणात निर्माण करतात. हा वरच्या सप्तकातील तोच स्वर असल्याने कानाला खटकत नाही. उलट आवाज भरदार वाटतो. संगीत आनंदासाठी असते, मापनासाठी नव्हे, असा या पक्षाचा युक्तिवाद असतो.

या युक्तिवादात तथ्य असले, तरी एक भेद त्यात सुटतो. तंबोऱ्याची जवारी हाही रंगच होय. घोडीवर तारेखालचे सूत सरकवून तंबोरा मिळविणारा उपस्वरांचे प्रमाण ठरवितो. ती कलावंताची निवड असते. यंत्र मात्र निवड करीत नाही. प्रत्येक मुद्रणावर ते एकच थर चढविते. परिणामी दोन तंबोऱ्यांतील, दोन गळ्यांतील सूक्ष्म भेद पुसट होतात.

तटस्थता नीरस असते, हा समजही टिकत नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात घेतलेल्या चाचण्यांत कोणता स्पीकर वाजतो आहे, हे श्रोत्यांना कळू दिले जात नसे. तरीही सपाट व नितळ प्रतिसादाच्या स्पीकरांनाच सामान्यतः पसंती मिळाली.

तथापि, तटस्थतेचा दावा निरपवाद नाही. टूल यांनीच एका दुष्टचक्राकडे लक्ष वेधले आहे. ध्वनिमुद्रक ज्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेतो, त्याच्या दोषांची भरपाई मुद्रणात उतरते. मग घरी ऐकू येणारा रंग मुद्रणाचा की यंत्राचा, हे श्रोत्यास सांगता येत नाही. शिवाय खर्जातील स्वरांवर खोलीच्या भिंतींचा प्रभाव स्पीकरइतकाच प्रबळ असतो.

सारांश, तटस्थता ही हाती आलेली सिद्धी नसून पाळावयाची शिस्त आहे. एखादे मुद्रण कर्कश असेल, तर श्रोत्याने टोन कंट्रोल जरूर फिरवावा. तो पुन्हा मूळ जागी आणता येतो. यंत्राच्या घडणीतच मुरलेला रंग मात्र काढता येत नाही. म्हणून यंत्र तटस्थ असावे आणि रंगाचा अधिकार कलावंताकडे व श्रोत्याकडे राहावा, हेच अधिक न्याय्य ठरते.