नळापासून पिंपापर्यंत : मुंबईच्या पाण्याविषयीच्या दोन ग्रंथांची चिकित्सा

मुंबईच्या झोपडवस्त्यांना पुरेसे पाणी का मिळत नाही, ह्या प्रश्नाला रूढ उत्तर दुहेरी आहे : शहरात पाण्याचा तुटवडा आहे आणि वस्त्या अनधिकृत आहेत. ह्या दोन्ही समजुतींना धक्का देणारे दोन ग्रंथ प्रसिद्ध झालेले आहेत. लिसा ब्यॉर्कमन ह्यांचा ‘पाइप पॉलिटिक्स, कन्टेस्टेड वॉटर्स’ (2015) हा पहिला आणि निखिल आनंद ह्यांचा ‘हायड्रॉलिक सिटी’ (2017) हा दुसरा. दोहोंचा पाया प्रत्यक्ष क्षेत्राभ्यासाचा आहे, आणि दोहोंचे मोलही त्यातच आहे.

ब्यॉर्कमन ह्यांनी शिवाजीनगर–बैंगनवाडी हा भाग अभ्यासासाठी निवडला. ही वस्ती मुळात महानगरपालिकेनेच आखून वसविलेली होती. पुढे तेथील पाणी घटत गेले, आणि तिला ‘झोपडपट्टी’ हे नाव चिकटले. वस्ती अनधिकृत म्हणून पाणी नाही, हा नेहमीचा कार्यकारणभाव येथे उलटा होतो. पाण्याचा अभाव हाच अनधिकृतपणाचा पुरावा मानला जाऊ लागतो. 1991 नंतरच्या बाजाराभिमुख नगररचनेत इमारती कोठे व किती वाढणार, ह्याचा मेळ जमिनीखालील जलवाहिन्यांशी राहिला नाही, हे लेखिकेचे प्रतिपादन साधार व पटण्यासारखे आहे.

आनंद ह्यांचे क्षेत्र जोगेश्वरीचे. मेघवाडी व प्रेमनगर ह्या शेजारच्या वस्त्यांची त्यांनी केलेली तुलना हा ग्रंथाचा सर्वांत समर्थ भाग होय. प्रेमनगरची वस्ती प्रामुख्याने मुसलमानांची. तेथे कागदपत्रे असूनही नळाचा दाब क्षीण राहतो. ह्यावरून त्यांनी ‘जलनागरिकत्वा’ची कल्पना मांडली आहे. नगराचे सदस्यत्व एका शिक्क्याने मिळत नाही. नळजोडणी, दाब, अभियंत्याची मर्जी आणि नगरसेवकाची शिफारस ह्यांतून ते थोडेथोडे मिळते, आणि तसेच हातचे जाऊही शकते.

ही कल्पना मौलिक आहे, पण तिची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. दोन्ही ग्रंथांचा भर पाण्याचे प्रमाण, दाब व अधिकार ह्यांवर आहे. शुद्धतेचा प्रश्न त्यांत दुय्यम राहतो. पाणी ठराविक तासांनाच येत असल्यामुळे स्त्रियांची दिनचर्या कशी बांधली जाते, हे आनंद बारकाईने दाखवितात. परंतु ह्याच तासांचा पाण्याच्या शुद्धतेशी असलेला संबंध त्यांच्या सिद्धांतात ओवला जात नाही. हा संबंध गौण नाही. पुरवठा थांबला की वाहिनीतील दाब ओसरतो, आणि फटींतून भोवतालचे सांडपाणी आत ओढले जाण्याचा धोका उत्पन्न होतो. शिवाय उरलेल्या वेळेसाठी पाणी पिंपांत व हंड्यांत साठवावे लागते.

साठवणीचा परिणाम काय होतो, हे कौला बंदर येथील अभ्यासातून (2013) स्पष्ट होते. बंदराच्या जमिनीवरील ही वस्ती खाजगी विक्रेत्यांच्या पाण्यावर अवलंबून होती. रामनाथ सुब्बरामन व त्यांच्या सहकाऱ्यांना पावसाळ्यात उगमाशीच घेतलेले 50 टक्के नमुने दूषित आढळले. इतर ऋतूंत उगमाशी पाणी दूषित नव्हते, तरी घरात साठविलेले पिण्याचे पाणी मात्र सर्व ऋतूंत दूषित होते. ह्या पाण्यासाठी रहिवासी दर हजार लिटरला 2 रुपये 25 पैसे ह्या तत्कालीन महापालिका दराच्या 52 ते 206 पट रक्कम मोजत होते. शुद्धता हा केवळ उगमाचा गुण नव्हे, ती पुरवठ्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते, हा निष्कर्ष येथून अपरिहार्यपणे निघतो.

न्यायालयाच्या निर्णयाकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2014 रोजी निर्णय दिला. पाण्याचा हक्क हा संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, आणि 1 जानेवारी 2000 नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही तो सर्वस्वी नाकारता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. निर्णय ऐतिहासिक खरा. मात्र हा हक्क कायदेशीर घरांतील रहिवाशांच्या हक्काशी समान नाही, आणि सार्वजनिक नळावरून व अधिक दराने पाणी देता येईल, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. महानगरपालिकेचे मापही असेच दुहेरी राहिले आहे : झोपडवस्तीत माणशी दररोज 45 लिटर, इतरत्र 135 लिटर.

कायद्याने हक्क नळापर्यंत आणला. समीक्ष्य ग्रंथांनी त्या नळामागचे राजकारण उघड केले. दोहोंची दृष्टी नळाशीच थांबते. पण रोगजंतूंची बाधा होते ती त्यापुढे, पिंपात बुडविलेल्या भांड्यात. सामूहिक नळ दिला, म्हणजे ‘जलनागरिकत्व’ लाभले, असे म्हणता येणार नाही. किती तास, किती दाबाने, आणि किती साठवण करावयास लावून ते पाणी दिले जाते, हे त्या नागरिकत्वाचे खरे माप होय. पुढील संशोधनाने अभियंत्याच्या नकाशाइतकेच लक्ष ह्या पिंपाकडे दिले, तर आनंद व ब्यॉर्कमन ह्यांनी आरंभिलेला विचार पूर्णत्वास जाईल.