बाईची गोष्ट की बँकेची?

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची जन्मकथा आता अनेकांना पाठ आहे. लोखंडकाम करून रस्त्याकडेला राहणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी पैसे साठवायला कुठली बँक तिचं खातं उघडेना. म्हणून चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब कोण आधी करतं ते बघा, म्हणाल्या. १९९७ साली बँक उभी राहिली.

गोष्ट मला आवडते. पण ती बँकेची गोष्ट आहे. प्लास्टिकच्या कागदाचं बोलून झालं की बाईचं त्यातलं काम संपतं. संस्थेने आपली गोष्ट अशीच सांगावी, त्यात गैर काही नाही. अडचण होते ती जीवनकथा घ्यायला आलेला संशोधकही तोच साचा घेऊन बसतो तेव्हा: आधी दुष्काळ, मग बचतगट, मग यश. अशा मुलाखती वाचताना मला उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त ऐकू येतात. सिद्धनाथाच्या रथाला ती लहानपणी कुणाबरोबर जायची, भावकीत कुणाशी वाकडं होतं, कर्ज काढल्याचा कधी पस्तावा झाला का, हे कुणी विचारलेलंच नसतं. शिवाय तिची माणदेशी बोली धुऊन, इस्त्री करून छापलेली.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मी पुन्हा पुन्हा काढतो ते यासाठी. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांबद्दल या दोघींची बाजू ठरलेली आहे, शीर्षकच ती सांगतं. पण त्यांनी इतिहासाचं विवेचन एका भागात ठेवलं आणि बायकांच्या मुलाखती दुसऱ्या. त्यामुळे एकीचं म्हणणं दुसरीशी ताडून लेखिकांशी भांडता येतं. प्रबंधांत बाईची दोन वाक्यं निष्कर्षाखाली पुराव्यासारखी टाचलेली असतात; तिथे भांडणार कशावर?

नावाचा प्रश्न मात्र त्या पुस्तकावरून सुटत नाही. तिथे नावं छापणं गरजेचंच होतं, कारण इतिहासाने गाळली होती ती नावंच. म्हसवडात नवऱ्याविषयी, हप्त्यांविषयी बोललेल्या बाईचं नाव बदललं तरी धंद्यावरून गाव तिला ओळखणारच. तेव्हा छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवावा लागेल, तोही तिच्या बोलीत, आणि ‘एवढं काढा’ म्हणाली तर प्रबंधातलं सगळ्यात चांगलं वाक्यही काढावं लागेल.